म्हसोबाच्या पाटीवर काय लिहायचं?

दरवर्षी भाद्रपद जवळ आला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक चित्र येतं. मधोमध गणपती आणि त्याच्या एकेका अवयवातून काढलेले बाण. मोठं डोकं म्हणजे मोठा विचार करा. मोठे कान म्हणजे जास्त ऐका. बारीक डोळे म्हणजे एकाग्रता. लहान तोंड म्हणजे कमी बोला. मोठं पोट म्हणजे बरंवाईट सगळं पचवा. खाली उंदीर, तो म्हणजे आपल्या इच्छा. त्यांच्यावर आपण बसायचं, त्यांना आपल्यावर बसू द्यायचं नाही. एका वर्षी एचआरनं हेच चित्र लीडरशिपच्या ट्रेनिंगमध्ये वापरलं आणि कानाच्या बाणापुढं 'कस्टमर फीडबॅक' असं लिहिलं.

असं चित्र तुमच्याकडंही आलं असेलच. मला त्याचा राग येत नाही. सकाळी सकाळी कुणी चांगलं काही पाठवत असेल तर पाठवू दे. त्यात एकच गोष्ट खटकते. हे अर्थ आपल्याला नेहमी आधीपासून पटलेलंच सांगतात. जास्त ऐका, कमी बोला, एकाग्र व्हा. हे तर आमच्या टीम लीडनंही अप्रेजलमध्ये सांगितलं होतं. एवढंच सांगायचं असेल तर हत्तीचं डोकं कशाला हवं?

पण देवाच्या रूपात अर्थ शोधणं ही काही व्हॉट्सॲपची देणगी नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरीची सुरुवातच अशी केली आहे. त्यांचा गणपती म्हणजे सगळं वाङ्मय. वेद ही त्याची मूर्ती, पुराणं हे दागिने, सहा दर्शनं हे सहा हात. त्यातल्या एका हातातला परशू म्हणजे तर्क आणि मोदक म्हणजे वेदान्त. ओंकाराचा अकार पायाशी, उकार पोटाशी, मकार मस्तकाशी. आणि मोडका दात? तो म्हणजे खंडन झालेलं बौद्ध मत.

कॉलेजात असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या दातापाशी थबकलो. बाकीचं रूपक सुंदर आहेच, पण दात वेगळाच आहे. तिथं एक भांडण आहे. कुणीतरी वाद घातला, कुणीतरी हरलं असं मानलं गेलं, आणि तो निकाल देवाच्या मूर्तीत जाऊन बसला. म्हणजे अर्थ लावणाऱ्यानं बाजू घेतली होती. आपल्या फॉरवर्डमधले बाण कुणाचीच बाजू घेत नाहीत, म्हणून ते इतके गुळगुळीत लागतात.

आणखी मागं गेलं तर गणपती अजून अवघड होतो. मानवगृह्यसूत्र नावाच्या जुन्या ग्रंथात एक गणपती नाही, चार विनायक आहेत, आणि ते माणसांना झपाटतात. मग राजपुत्राला राज्य मिळत नाही. मुलींची लग्नं जमत नाहीत. शिकवायची लायकी असलेल्या आचार्याला शिष्य मिळत नाहीत. व्यापाऱ्याचा व्यापार आणि शेतकऱ्याची शेती फळत नाही. या विनायकांना शांत करायचे विधी त्यात सांगितले आहेत. पुढं हाच विघ्न आणणारा विघ्न हरणारा झाला. त्याला आधी पुजायचं, कारण तो रागावला तर काही खरं नाही. या भीतीसाठी त्या चित्रात एकही बाण नाही.

हे सगळं मी इतकं घोळवत बसलो, त्याला एक कारण घडलं. देवाचा अर्थ लिहून देण्याचं काम माझ्यावर आलं. गणपतीचा नव्हे, म्हसोबाचा.

*

मी मुळशी तालुक्यातल्या चांदे गावचा. नांदे-चांदे अशी जोडी लोक म्हणतात, त्यातलं चांदे. हिंजवडीला नोकरी करणाऱ्यांना हे नाव आता प्लॉटच्या जाहिरातींमुळं माहीत आहे. माझ्या लहानपणी ते भातामुळं माहीत होतं. आमच्याकडं खाचरात इंद्रायणी आणि थोडा आंबेमोहर असायचा. आंबेमोहर शिजला की वास शेजारच्या आळीत जायचा आणि मग शेजारची आळी वाटी घेऊन आमच्याकडं यायची.

आमच्या घरात देव दोन ठिकाणी आहेत. देवघरात टाक आहेत: खंडोबा, भवानी आणि घराण्यातल्या कुणा जुन्या पुरुषाचा वीर. भिंतीवर विठ्ठलाचा फोटो. हे झाले घरातले. आणि शेतात, आमच्या आणि चुलत्यांच्या खाचरांमधल्या बांधावर, म्हसोबा. म्हसोबा म्हणजे गुडघ्याएवढा एक दगड. डोळे नाहीत, हात नाहीत, वाहन नाही. शेंदराचे थर इतके की मूळ दगड कसा आहे ते आजीनंही पाहिलेलं नव्हतं. शेजारी करंजाचं झाड. लावणी संपली की नारळ, मळणीच्या आधी नारळ, आखाडात एकदा कोंबडं. एवढाच त्याचा कारभार.

आठवीत असताना मी आजीला विचारलं होतं, "आजी, म्हसोबा म्हणजे काय गं?" शाळेत नुकतंच 'गणपती म्हणजे बुद्धीची देवता, सरस्वती म्हणजे विद्येची' असं शिकवलं होतं. मला रिकामी जागा भरायची होती: म्हसोबा म्हणजे अमुकची देवता. आजी भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हंजी काय म्हंजी? त्यो हितला हाय." मी म्हटलं, "पण त्याचा अर्थ काय?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "देवाला अर्थ नसतो बाळा, निवद असतो. जा, पाणी घिऊन ये."

आजी जाऊन आता सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी घरात जमिनीचं निघालं. वडील आणि तात्या, म्हणजे माझे चुलते, दोघांची खाचरं मिळून एक सलग तुकडा होतो. तो एका बांधकाम करणाऱ्याला द्यायचं जवळजवळ ठरलं. यात रडण्यासारखं फारसं नाही. भातशेतीत काय उरतं ते भात लावणाऱ्यालाच माहीत. दोन्ही घरांत कर्ज होतं, लग्नं व्हायची होती, आणि माझ्या पगाराचा उगम तरी कुठं आहे? ज्या हिंजवडीत मी बसतो तीही आधी कुणाची तरी शेतीच होती.

मोजणी झाली. खुणा रोवल्या गेल्या. आराखड्यात कंपाउंडची भिंत बांधाच्या पलीकडून जात होती, म्हणजे म्हसोबा आत येत होता. सातबारा मी त्या निमित्तानं पहिल्यांदा नीट वाचला. त्यात विहीर आहे, 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे. म्हसोबा कुठंच नाही. ज्याला विचारल्याशिवाय आमच्या घरात नांगर धरला जात नव्हता, त्याची सरकारदरबारी एका ओळीचीही नोंद नाही.

बांधकामवाल्यांचा माणूस सभ्य होता. म्हणाला, देवाचं काही काळजी करू नका, आत गार्डनच्या कोपऱ्यात छान छोटं मंदिर करून देऊ, ग्रॅनाइटचा ओटा, संगमरवरी मूर्ती, वर कळस. बाहेर एक पाटी लावू, देवाची माहिती देणारी. फ्लॅट घेणाऱ्या लोकांना आवडतं असं. तात्यांचा थोरला मुलगा, आमचा दादा, खूश झाला. माझ्याकडं वळून म्हणाला, "तू शिकलेला आहेस. नेटवरून माहिती काढ आणि चार ओळी लिहून दे. म्हसोबा म्हणजे काय, त्याचं महत्त्व, असं."

आठवीतली रिकामी जागा पुन्हा समोर आली, या वेळी ग्रॅनाइटवर.

*

मी वाचायला लागलो आणि पहिल्यांदाच सापडले ते दामोदर धर्मानंद कोसंबी. माणूस गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी, घर पुण्यात, रोजचा प्रवास डेक्कन क्वीननं. जनुकांमधलं अंतर मोजायचं त्यांचं १९४४ सालचं सूत्र आजही त्यांच्या नावानं शिकवलं जातं. प्राचीन नाणी त्यांनी हजारोंच्या संख्येनं तराजूत तोलली. वापरात झिजून नाणं किती हलकं होतं त्यावरून त्याचं वय काढायचं, ही त्यांची पद्धत. आणि हाच माणूस सुट्टीत पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत शेंदूर लावलेले दगड बघत हिंडायचा. म्हसोबा, वेताळ, मावळाया, साती आसरा. ज्यांना शिकलेली माणसं देवांच्या यादीत धरत नव्हती असे देव. त्यांचं 'मिथ अँड रिॲलिटी' हे पुस्तक १९६२ साली आलं.

त्यांनी पाहिलं ते असं. हे दगड कुठंही नसतात. पुष्कळदा ते जुन्या वाटांवर, वाटा मिळतात तिथं असतात, आणि आसपास कितीतरी वेळा अश्मयुगातल्या माणसांची बारीक दगडी हत्यारं सापडतात. म्हणजे आज जिथं गाव आहे तिथं देव आला असं नेहमी नसतं. कधी कधी देवाची जागा आधीची आणि गाव नंतरचं. गुरं घेऊन ऋतूप्रमाणं फिरणारी माणसं ज्या वाटांनी जायची, त्या वाटांवरच्या या खुणा. आपल्या मावळ या नावाचा धागाही त्यांनी पाण्याकाठच्या मावळायांशी, त्या छोट्या छोट्या माउल्यांशी जोडला. कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखात या मुलखाला 'मामालाहार' म्हटलं आहे.

मग म्हसोबा. म्हसोबात म्हैस आहे, महिष आहे. कोसंबी म्हसोबाला महिषासुराशी जोडतात. इथं मी लॅपटॉप मिटून देवघरात गेलो. तिथल्या टाकात भवानी आहे. भवानी म्हणजे महिषासुराला मारणारी. म्हणजे आमच्या घरात मारणारी देवघरात आणि ज्याला मारलं तो शेतात, आणि आम्ही दोघांनाही नारळ फोडतो. माझ्या आईला यात कधी काही विचित्र वाटलं नाही. नवरात्रात नऊ दिवस ती घटाला माळ घालते आणि दसऱ्याला त्याच ताटातला निवद म्हसोबाला जातो.

आणि कोडं इथंच संपत नाही. पुरंदर तालुक्यात वीर नावाचं गाव आहे, तिथं श्रीनाथ म्हस्कोबा आहे. दरवर्षी माघी पौर्णिमेला त्याचं जोगेश्वरीशी लग्न लागतं, हळद लागते, मोठी यात्रा भरते. एका ठिकाणी देवी महिषाला मारते, दुसऱ्या ठिकाणी त्याच्यासारख्याच नावाच्या देवाशी देवीचं लग्न लागतं. कोसंबींचं म्हणणं असं की देवांच्या अशा लढाया आणि लग्नं म्हणजे माणसांच्या टोळ्यांच्या गोष्टी आहेत. एक देव गुराख्यांचा, एक देवी त्यांच्याआधी तिथं राहणाऱ्यांची. माणसं भांडली तेव्हा देव भांडले. माणसं एकत्र नांदायला लागली तेव्हा देवांची लग्नं लागली. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक तर धनगरांमध्ये राहून, त्यांच्या ओव्या ऐकून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या तिघांवर मोठं पुस्तक लिहून गेले. खंडोबाच्या दोन बायका आठवा: म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. जेजुरीच्या या संसारात आख्खा बाजार आणि आख्खं रान एका घरात आलं आहे.

असा विचार केला की 'प्रतीक' या शब्दाचा अर्थच बदलतो. फॉरवर्डमध्ये प्रतीक म्हणजे एका वस्तूमागं लपलेला एक सुविचार. इथं प्रतीक म्हणजे कितीतरी माणसांनी एकमेकांशी केलेला जुना करार, ज्याचा कागद हरवला आहे पण पाळणं चालू आहे.

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. मी ज्या प्रॉडक्टवर काम करतो त्याचा बराचसा कोड माझ्या आधीच्या लोकांनी लिहिलेला आहे. त्यात मध्ये मध्ये कमेंट असतात: ही ओळ अमुक कारणासाठी. कोड बदलत जातो, कमेंट तशीच राहते. पाच वर्षांनी कमेंट एक सांगते आणि कोड दुसरंच करतो. नवा आलेला मुलगा कमेंट वाचून ओळ काढून टाकतो आणि रात्री दोन वाजता कुठली तरी बँक बंद पडते. त्यामुळं आमच्याकडं शिकवतात की कमेंटवर विश्वास ठेवू नको, ही ओळ कोण कोण वापरतं ते आधी शोध.

देवांचे अर्थ मला या कमेंटसारखे वाटायला लागले. ज्ञानेश्वरांची कमेंट अतिशय सुंदर. एचआरची आपली बरी. पण खाली जे चालू आहे, म्हणजे नारळ, कोंबडं, शेंदूर, लावणीनंतर तिथवर चालत जाणं, ते वेगळं आहे आणि ते कोण कोण वापरतं याची यादी कमेंटमध्ये नसते.

*

पाटीसाठी मी तीन मजकूर लिहिले.

पहिला असा: श्री म्हसोबा महाराज हे भगवान शंकराचे अवतार असून भक्तांच्या हाकेला धावतात. आजूबाजूच्या बऱ्याच नव्या मंदिरांवर असंच असतं, आणि फ्लॅटवाल्यांना हे लगेच समजलं असतं. आईनं वाचलं आणि विचारलं, "मग आखाडातलं कोंबडं?" शंकराला कोंबडं चालत नाही. म्हणजे ही एक ओळ लिहिली की एक पद्धत बंद. देवाला बढती मिळते आणि त्याच्या ताटातला निवद बदलतो. शेंदूर ही रक्ताची आठवण आहे असं कोसंबींचं म्हणणं. नव्या मूर्तीला तर शेंदूरही लागणार नव्हता, संगमरवर डागाळतो म्हणून.

दुसरा मजकूर मी अभ्यासू लिहिला: महिषासुर, गुराखी, वाटा, लघुपाषाण हत्यारं. दादानं तो वाचून मोबाईल परत दिला. म्हणाला, "म्हणजे आमचा देव राक्षस? आणि तो सोसायटीच्या गेटवर लिहायचा?" मी सांगायचा प्रयत्न केला की राक्षस कुणाला म्हणायचं हे जिंकणारा ठरवतो. तो म्हणाला, "तुझं बरोबर असेल. पण तू ते लेखात लिही. पाटीवर लिहिलंस तर लोक आपल्याला हसतील."

आणि मग तो जे म्हणाला ते मला सगळ्यात जास्त लागलं. "तुला दगडच ठेवायचाय ना? तुला ते जुनं, गावठी छान वाटतं. तू लॅपटॉप घेऊन एसीत बसतोस. मी इथं राहतो. त्या बिल्डिंगमधले लोक येणार, त्यांच्या देवाला संगमरवर आणि आमच्या देवाला उन्हातला दगड? आपल्या देवानं पण चांगल्या घरात राहिलं तर तुला काय त्रास आहे?"

याला सरळ उत्तर नाही. दादाचं म्हणणं मानाचं आहे. ज्यांचे देव आणि ज्यांची भाषा कायम गावठी म्हणून बाजूला टाकली गेली, त्यांना कळस हवासा वाटणं यात कमी काय आहे? देवाला शंकराचा अवतार म्हणणं हा वर चढायचा जिना आहे, आणि या महाराष्ट्रात तो कितीतरी देव चढले आहेत. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' लिहिलं, त्यात पंढरीच्या विठ्ठलाचं मूळ त्यांनी गवळी-धनगरांच्या देवातच शोधलं आहे. विठोबा तो जिना चढला, तरी त्याच्या दारातून धनगर बाहेर पडला नाही, कारण वारकरी त्याला धरून होते. जिना चढताना कोण खाली राहतं, एवढंच बघायचं असतं.

तिसरा मजकूर साधा होता: म्हसोबा हा शेताचा राखणदार आहे. यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. पण लिहिल्यावर मलाच कळेना की कुठल्या शेताचा. पाटी लागेल तेव्हा तिथं शेत नसेल. तीन बाजूंना पार्किंग असेल.

*

आमच्या शेताला लागून जी पाऊलवाट जाते तिनं वरच्या कातकरी वाडीतली माणसं ये-जा करतात. त्यातल्या एक मावशी आमच्या लावणीला वर्षानुवर्षं यायच्या. दिवाळीनंतर ती सगळी घरं वीटभट्टीवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. जाताना म्हसोबापाशी नारळ आणि आल्यावर नारळ, हा त्यांचा नेम. तो आमच्या घराच्या नेमाहून जुना की नवा, कुणी कधी विचारलं नाही. आम्ही त्याला आमचा म्हसोबा म्हणतो. मावशी नुसतं 'देव' म्हणतात.

खुणा रोवल्याचं त्यांनी येता-जाता पाहिलं होतं. एके दिवशी मी बांधावर उभा होतो, तर थांबल्या. म्हणाल्या, "दादा, हितं भिंत व्हनार म्हनं?" मी हो म्हटलं. देवाचं मंदिर होणार, संगमरवरी मूर्ती बसणार, तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आमी कुठनं यायाचं?"

गेटवर वॉचमन असेल. तो विचारेल, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय. मावशी काय सांगणार, म्हसोबाकडं?

तोवर मी अर्थ शोधत होतो आणि दादा मान शोधत होता. मावशींनी वाट विचारली. आणि कोसंबींचं सगळं वाचून मला जे कळलं होतं तेही तेच होतं की हे देव वाटांवरचे आहेत. देवाची जागा म्हणजे जुनी वाट चालू असल्याची खूण. भिंत घातली की मूर्ती कितीही सुंदर असो, देव तिथं एकटा पडतो. आमच्या तालुक्यानं हे मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागं उभं राहून मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली, आणि त्या गावांबरोबर त्यांच्या वाटा आणि वाटांवरचे देवही गेले.

घरात बैठक झाली. मी माझं म्हणणं मांडलं: दगड हलवायचा नाही, आणि भिंत त्याच्या अलीकडून घ्यायची म्हणजे तो बाहेर, वाटेवर राहील. तात्यांनी विचारलं, जागा किती जाईल? दीड-दोन गुंठे. आजच्या भावानं ती रक्कम लहान नाही, आणि ती दोन्ही घरांच्या वाट्यातून जाणार होती. तात्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न अजून व्हायचं आहे. बराच वेळ कुणी बोललं नाही.

वडील एरवी अशा बैठकीत गप्प असतात. ते म्हणाले, "आपण जमीन विकतोय. देव विकायला तो आपला एकट्याचा न्हाय." तात्या म्हणाले, "ते खरं, पण पैसं आपलंच जाणार." वडील म्हणाले, "जातील." मग दादाकडं बघून म्हणाले, "तुझं बी खरंय. ओटा चांगला बांधू. वर पत्रा न्हाय, स्लॅब टाकू. पण दगड त्योच आणि शेंदूर त्योच."

दादाला मूर्ती हवी होती, ती मिळाली नाही. मला उघड्यावरचा दगड आणि करंज जसाच्या तसा हवा होता, तेही झालं नाही. ओट्यासाठी करंजाच्या दोन फांद्या तोडाव्या लागल्या. तात्यांनी दोन गुंठ्यांचा हिशोब अजून सोडलेला नाही, लग्नाच्या खर्चाचा विषय निघाला की तो निघतो. करारात मात्र एक कलम वाढलं आणि आराखड्यात भिंतीला एक खाच पडली. नकाशावर ती डिझाइनची चूक वाटावी अशी दिसते. बांधकामवाल्यांच्या माणसानं विचारलं, इथं काय लिहू? वडिलांनी सांगितलं, "देवाची वाट."

पाटीचा प्रश्न उरलाच होता. वणीच्या सप्तशृंगीचं तुम्हाला आठवत असेल. २०२२ साली देवीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा लेप उतरवला, तेव्हा आतली मूळ मूर्ती दिसली आणि जुने लोक म्हणाले, ही आमची देवी नेहमीसारखी दिसत नाही. काही म्हणाले, हीच खरी. मला दोघांचंही पटलं होतं. मूळ दगड खरा, आणि ज्या हातांनी शेंदूर लावला त्यांचाही देव खरा. पाटीवर अर्थ लिहिणं म्हणजे त्यातला एक थर निवडून बाकीचे खरवडणं. ते करायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, आणि इंजिनिअरिंगच्या डिग्रीत तर तो नक्कीच येत नाही.

मी शेवटी जे लिहून दिलं त्यावर दादाही हो म्हणाला. पहिल्या ओळीत 'श्री म्हसोबा'. त्यातला 'श्री' दादाचा. दुसऱ्या ओळीत 'वाट सर्वांना मोकळी आहे'. बस्स. पाटी करणाऱ्यानं विचारलं, एवढंच? खाली जागा भरपूर उरलीय, काही श्लोक वगैरे टाकू? म्हटलं, राहू दे.

ती पाटी किती वर्षं टिकेल सांगता येत नाही. दोन वर्षांनी बिल्डिंग भरेल. एखाद्याला कोंबड्याचा त्रास होईल, एखादी मीटिंग होईल, कुणी म्हणेल इथं गेट हवं, सिक्युरिटीचा प्रश्न आहे. कलम कागदावर आहे, पण कागद वाचणारे बदलतात हे मी सातबाऱ्यावरून शिकलो आहे. तेव्हा घरातलं कुणीतरी त्या मीटिंगला जायला हवं. बहुतेक मीच जाईन, कारण बोलणी आता आमच्यात माझ्यावरच आली आहेत. दादा म्हणालाय, मी पण येतो.

सध्या पाया खणायचं काम चालू आहे. कामावरची मुलं बिहारची आणि झारखंडची आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही. तरी परवा सकाळी ओट्यावर कुणीतरी दोन उदबत्त्या आणि एक बिडी ठेवलेली दिसली. उदबत्त्या समजल्या. बिडी कशासाठी, ते एका मुलाला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "बाबा रात को अकेले रहते हैं ना."